ज्याचा सदरा, त्याची बादली

मे महिन्यात वर्ध्यात कपडे वाळायला तासभरही लागत नाही. शेवटचा टॉवेल पिळून होईपर्यंत दोरीवरच्या पहिल्या धोतराचे टोक कडक झालेले असते. श्रावणात झड लागली की हेच धोतर तीन दिवस घरात लोंबकळते आणि उशीच्या अभ्र्यापर्यंत ओलसर वास पोचतो. माझ्या लहानपणी या दोन्ही ऋतूंत धुण्याचा ढीग एकाच माणसाच्या वाट्याला यायचा. आईच्या. सात माणसांचे घर, त्यात बाबा आणि काका शेतावरून येत ते काळ्या मातीत बरबटून. ही माती ओली असताना कपड्यावर चोळली तर धाग्यात घुसून बसते. ती आधी पूर्ण वाळू द्यायची, झटकायची, मग नुसत्या पाण्यात भिजवायची आणि त्यानंतरच साबण लावायचा. आईला हे पक्के ठाऊक होते. पण दुपारी तीनला पाणी जाणार असेल तर माती वाळायची वाट कोण पाहणार? ती मोगरी उचलायची.

त्या ढिगाला दुसरीही काही रीत असू शकते, हे मी पहिल्यांदा सेलूला, मोठ्या मामांच्या घरी पाहिले. उन्हाळ्याच्या सुट्टीत गेले होते, आठ-नऊ वर्षांची असेन. अंघोळ करून काढलेले कपडे न्हाणीच्या कोपऱ्यात टाकून मी बाहेर आले, तशी मामी म्हणाली, "तुहा फराक तूच धुजो वं बाई." रागाने नव्हे, जेवायला बस म्हणावे इतक्या सहज. मी परत गेले तर मामा तिथेच उकिडवे बसून आपले बनियन आणि धोतर खंगाळत होते. पुरुष माणसाला कपडे धुताना मी त्याआधी पाहिलेच नव्हते. त्या घरात ढीग असा कधी साचलाच नाही. रोज ज्याचे दोन-तीन कपडे तो धुई, सकाळीच दोरीवर टाकी आणि संध्याकाळी आपले आपण घडी करून ठेवी. चादरी आणि जाजमे तेवढी रविवारी सगळ्यांनी मिळून.

मामा सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत शिकलेले. १९३७च्या ऑक्टोबरात वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून जी योजना निघाली, त्यातली ही शाळा. सूतकताई, शेती, सफाई, स्वयंपाक हाच तिथला अभ्यास, आणि आपला कपडा स्वतः धुणे हा त्याच अभ्यासाचा एक तुकडा. मामांना पुढे कातणे सुटले, धुणे सुटले नाही.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ला शेगावात राहायला आले आणि त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले, हे वर्ध्याच्या शाळकरी पोरालाही सांगता येते. बापूकुटीत गेलेला माणूस भिंती पाहतो, चटई पाहतो, कंदील पाहतो. मला त्या खोलीत नेहमी कपडे ठेवायला लागणारी जागा किती कमी आहे, तेच दिसते. आश्रमाच्या एकादश व्रतांत असंग्रह आणि शरीरश्रम ही दोन शेजारी-शेजारी राहणारी व्रते आहेत. धुण्यापुरते बोलायचे तर त्यांना एकमेकांवाचून जगता येत नाही. कपडे थोडे असले तरच स्वतः धुणे जमते, आणि स्वतः धुवायला लागले की कपडे आपोआप थोडे होतात. तिसरा सदरा घेताना हात आखडतो, कारण तो कुणाला धुवायचा आहे हे माहीत असते.

याचा उलटा पुरावा गांधींनीच आत्मकथेत लिहून ठेवला आहे. दक्षिण आफ्रिकेत वकिली चालत होती तेव्हा धोब्याचे बिल मोठे येई आणि कपडे वेळेवर येत नसत. कॉलर रोज बदलायची, शर्ट निदान एक दिवसाआड. परिणाम असा की दोन-तीन डझन शर्ट आणि कॉलरही पुरेनात. मग त्यांनी धुण्याचे सामान आणले, धुलाईवरचे पुस्तक आणून वाचले, पत्नीलाही शिकवले. पहिली कॉलर बिघडली. इस्त्री नीट तापलेली नव्हती, कॉलर जळेल या भीतीने ती दाबलीही नव्हती, आणि कोर्टात तिच्यातून खळ गळत राहिली. सोबतचे वकील हसले. मला यात महत्त्वाचे वाटते ते दोन-तीन डझनांचे. एका माणसाला इतके कपडे का लागावेत? घालणारा एकीकडे आणि धुणारा दुसरीकडे, म्हणून. त्यांच्यामधले अंतर जितके वाढेल तितके कपडे त्या अंतरात अडकून पडतात. ढीग घामाने किंवा मातीने होत नाही, या अंतराने होतो.

हे अंतर आपल्या समाजाने फार पूर्वीच नेमून दिले होते. गावगाड्यात परीट हा बलुतेदार. आमच्या विदर्भात त्याला वरठी म्हणतात. बाळंतिणीचे आणि विटाळाचे कपडे गावाने त्याच घरावर सोपवले आणि सोपवून झाल्यावर त्या हातांनाच हलके ठरवले. घाण आपली, कमीपणा मात्र धुणाऱ्याचा. गाडगेबाबा, १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले, परिटाच्या घरचे. गावात शिरताना ते हातात खराटा घेऊनच शिरत. ज्या घरात जन्मभर दुसऱ्याची घाण काढली, त्याच घरातला माणूस साऱ्या महाराष्ट्राला तुमची घाण तुम्ही काढा असे सांगत फिरला, याची मला दरवेळी नव्याने दाद द्यावीशी वाटते.

शहरात वरठी गेला, धुणीभांडीवाल्या बाई आल्या. जिथे बाई परवडत नाहीत तिथे घरातलीच बाई. २०१९च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे निघाला, आणि जे पुरुष असे काम करतात त्यांचा ९७. मुळात ते करणारे पुरुषच २६ टक्के, स्त्रिया ८१ टक्के. मामा आणि त्यांची बादली त्या २६ टक्क्यांतली.

यंत्र आले की हे मिटेल असे वाटते. आमच्याही घरी यंत्र आहे आणि चादरी त्यातच धुतो. पण अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की घरगुती यंत्रांनी गृहिणीचे तास म्हणावे तसे घटले नाहीत. पूर्वी बाहेर धुवायला जाणारे कपडे घरात परतले, आणि एकदा घातलेला कपडा लगेच टोपलीत टाकायची सवय लागली. हे मी माझ्या घरात पाहिले आहे. यंत्र आले त्या वर्षी आमची टोपली दुप्पट भरू लागली आणि धुणे, काढणे, वाळत घालणे, घडी करणे या चारांपैकी एकच काम यंत्राने उचलले.

मामांचा नियम मी माझ्या घरात आणला तेव्हा वाटले होते, हा सगळ्यांना सारखाच लागू पडेल. तसे होत नाही. चंपारणात १९१७ साली कस्तुरबा एका खेड्यातल्या बाईला तुझे लुगडे मळले आहे, ते धुवत का नाहीस, असे विचारायला गेल्या. तिने त्यांना झोपडीत नेऊन दाखवले की दुसरे लुगडेच नाही, मग हे सोडून धुवायचे कसे? नीटनेटकेपणाचा उपदेश करताना ही बाई मनातून जाऊ देऊ नये. दोन कपडे असणे हीसुद्धा एक मिळकत आहे. दिनक्रम त्यानंतर सुरू होतो.

आणि लहान मूल, आजारी माणूस, म्हातारपण? तिथे ज्याचे त्याने हे चालत नाही. तिथे दुसऱ्याचा कपडा हाती घ्यावा लागतो, आणि तेही गांधींनी केले आहे. १९१२ साली गांधी ज्यांना गुरू मानत ते गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले. जोहान्सबर्गच्या मेजवानीला त्यांना जे उपरणे घ्यायचे होते ते न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले, जिवापाड जपलेले. ते चुरगळले होते आणि धुलाईवाल्याकडे पाठवायला वेळ नव्हता. गांधींनी इस्त्री करून देतो म्हटल्यावर गोखल्यांना भरवसा वाटेना. वकिलीबद्दल त्यांना शंका नव्हती, धोबीपणाबद्दल होती. शेवटी त्यांनी ते दिले, इस्त्री झाली, शाबासकीही मिळाली. दुसऱ्याचा कपडा हाती घेणे यात मुळीच कमीपणा नाही. ते काम कुणाच्या जन्माने किंवा लग्नाने ठरवून ठेवलेले नसले म्हणजे झाले.

आज आमच्या घरी असे चालते. अंगावरचे कपडे रोज, अंघोळीबरोबर, ज्याचे त्याने. शाळेचे गणवेश बुधवारी आणि शनिवारी, मुलांनीच. पांढरे वेगळ्या बादलीत. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, घाबरायचे नाही, धुऊन उन्हात टाकायचा, उडून जातो. नवी खादी पहिल्यांदा रात्रभर साध्या पाण्यात. झड लागली की जाड कपडे काढायचेच नाहीत, सुती आणि पातळ घालायचे. एवढेच. यादी फ्रिजवर चिकटवावी लागत नाही.

आईचे हात आता नव्वदीकडे झुकले आहेत, बोटे वळत नाहीत. तिचे लुगडे माझा नवरा धुतो. पहिल्या दिवशी तिने बादली धरून ठेवली होती, जावयाने धुणे तिला पटेना. हल्ली ती ओट्यावर बसून, पदर पुरता उलगडून दोरीवर टाका, मध्ये घडी राहिली की तिथे ओल धरते, असे त्याला सांगत असते. आणि तो पुन्हा उलगडून टाकतो.