थांबण्याची ऐपत

11 जुलै 2025 रोजी मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या अडथळ्यावर धावपटू अविनाश साबळे पडला. गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरमधली टोकियोची जागतिक स्पर्धा हातची गेली. सीना नदीच्या अलीकडे आमचा कर्जत तालुका, पलीकडे बीड जिल्ह्यातलं आष्टी. साबळे त्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. जिल्हा बदलतो, पण पाऊसमान तेच, ज्वारी-तूर तीच आणि सैन्यात नाही तर पोलिसात लागण्याची पोरांची धडपडही तीच. त्यामुळे त्याचा गुडघा इकडे घरचा विषय झाला. मोबाइलवर ‘वाघ परत येणार’ छापाची स्टेटसं लागली. येवोच. पण त्या स्टेटसांमागची एक समजूत मला तपासून पाहावीशी वाटते. आजारातून किंवा दुखापतीतून माणूस पुन्हा धावतो तो जिद्दीच्या जोरावर, आणि जो परतत नाही त्याची जिद्द कमी पडली, अशी ती समजूत.

साबळेचीच कारकीर्द घेऊ. तो ओळखला जातो स्टीपलचेससाठी, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीसाठी, पण लांब पल्ल्यावरही त्याची हुकमत आहे. 29 नोव्हेंबर 2020 रोजी दिल्लीत त्याने अर्धमॅरेथॉन, म्हणजे 21.0975 किलोमीटर, 1 तास 30 सेकंदांत संपवली. 61 मिनिटांच्या आत हे अंतर कापणारा तो पहिला भारतीय. करोनाचं वर्ष होतं. दिल्लीच्या रस्त्यावर फक्त निवडक अव्वल धावपटू होते. बाकीच्या हजारोंनी आपापल्या गावी धावून ॲपवर नोंद करायची होती. या माणसाचा सराव अखंड चाललाय असं मात्र कधीच झालं नाही. 2018 मध्ये घोट्याच्या दुखापतीपायी आशियाई स्पर्धा हुकली. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा 37 वर्षं टिकलेला स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम मोडला. टोकियो ऑलिम्पिकच्या आधी करोनाने गाठलं. तिथे अंतिम फेरी थोडक्यात निसटली, तरी स्वतःचा राष्ट्रीय विक्रम त्याने सुधारलाच. पुढे 2022 मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलचं रौप्य, 2023 मध्ये हांगझोला आशियाई सुवर्ण.

ही यादी सत्काराच्या भाषणात छान वाजते. भाषण करणारा मात्र दोन ओळींमधले महिने गाळून टाकतो. त्या महिन्यांत हा माणूस महार रेजिमेंटचा जवान होता. त्याला पगार होता, खाणं होतं, प्रशिक्षक होता, दुखऱ्या पायावर रोज हात ठेवून बघणारं कोणी तरी होतं. घोटा दुखावला म्हणून घरातली चूल थंडावणार नव्हती. सियाचीनच्या बर्फात काढलेले दिवस आणि शाळेसाठी तुडवलेली वाट यांनी साबळेला कणखर केलं हे खरंच. पण दुखापतीनंतर त्याला परत उभं केलं ते थांबता येण्याने. थांबायला ऐपत लागते, आणि ती सगळ्यांकडे नसते.

आता नदीच्या अलीकडे या. कर्जत-राशीन रस्त्यावर पहाटे पाचला भरतीची पोरं पळत असतात. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांचे दिवे अंगावर येतात. एखादा पोरगा मोबाइलची बॅटरी लावून मागे असतो, आणि अकॅडमीचे सर मोटारसायकलवरून ‘चल रे, हात सोड, खांदा ढिला’ असं ओरडत बरोबर चालतात. पळून आल्यावर कॅरीबॅगमधले भिजवलेले हरभरे. पोलीस भरतीच्या ग्राउंडचे, म्हणजे मैदानी चाचणीचे, गुण 50, त्यांतले 20 एकट्या सोळाशे मीटरचे, आणि पैकीच्या पैकी हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत पोचायला हवं. खुल्या प्रवर्गाला वयाची अट 28. त्यामुळे इथे सेकंद आणि वर्षं दोन्ही मोजून असतात. पोरी पळतात त्या आणखी कमी उजेडात आणि आणखी जास्त नजरांत. त्यातल्या कितीतरींचं हिमोग्लोबिन मुळातच कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला, तो काही फक्त बिगर-पळणाऱ्यांना नव्हे.

अशा एखाद्या पोराला ग्राउंडच्या तोंडावर डेंग्यू झाला, टायफॉइड झाला किंवा नडगीचं हाड ठणकायला लागलं, तर त्याने काय करावं? नडगीच्या दुखण्याला पोरं ‘शिन पेन’ म्हणतात आणि सर्दीसारखं अंगावर काढतात. डॉक्टर सांगतो, सहा आठवडे पळू नकोस. पण जाहिरात कितीतरी दिवसांनी आलेली असते, पुढची कधी येईल याचा नेम नसतो, अकॅडमीची फी भरून झालेली असते आणि त्या फीसाठी घरचं बोकड विकलेलं असतं. मग तो गोळी घेऊन पळतो. डेंग्यूत कुठली वेदनाशामक गोळी घ्यावी आणि कुठलीने रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे मेडिकलच्या काउंटरवर कोणी विचारत नाही. त्याहून जोरात चालतं ते सलाईन. ‘एक बाटली लावली की ताकद येती’ ही आमच्या भागातली अढळ श्रद्धा. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते 25 ग्रॅम, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी. एका भाकरीत त्याहून जास्त ऊर्जा असते आणि तिला सुई लागत नाही.

आजारानंतर शरीराची गणितं कशी बदलतात हे या पोरांना कोणी सांगत नाही, म्हणून थोडं तपशिलात सांगतो. सराव थांबला की पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातला पाण्याचा भाग, प्लाझ्मा, घटतो. तेवढ्याच घामाला, तेवढ्याच चढाला नाडी जास्त पळते. तीन-चार आठवड्यांत दमही उतरतो. गंमत अशी की जे लवकर जातं ते लवकर परतही येतं. दोन-तीन आठवडे हलकं पळालं की छातीला वाटतं, झालं, आपण पूर्वीसारखे झालो. हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा मात्र सावकाश कणखर होतात; त्यांना महिने लागतात. फसगत होते ती या मधल्या काळात. छाती हो म्हणते म्हणून पोरगा जुन्या वेगाला जातो आणि महिन्याभरात नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर पडते. विषाणूच्या तापाचा मामला आणखी नाजूक. क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, आणि तसं आढळलं तर डॉक्टर तीन ते सहा महिने स्पर्धेतलं धावणं बंद ठेवायला सांगतात. ती सूज बाहेरून दिसत नाही. छातीत दुखणं, धडधड, थोडक्याने धाप, चक्कर, ही तिची लक्षणं. आणि ही चारही लक्षणं ‘अशक्तपणा आहे, जाईल’ या एका वाक्याखाली सहज झाकली जातात.

जून 2024 मध्ये ठाण्याजवळ बाळेगावला राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीत पाच किलोमीटर धावताना एका तरुणाचा जीव गेला. त्याच्या प्रकृतीविषयी मी तर्क करणार नाही. मात्र बातमीखाली ‘आजकालच्या पोरांत दम नाही’ असं लिहिणारे पाहिले आणि वाटलं, आमचा जिद्दीचा हिशोब किती निर्दय झालाय.

आता दुसऱ्या टोकाचे धावपटू. गेल्या पंधरा-वीस वर्षांत अर्धमॅरेथॉन ही मध्यमवयीन, पगारदार महाराष्ट्राची हौस झाली आहे. मुंबई मॅरेथॉन 2004 मध्ये सुरू झाली, साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन 2012 मध्ये, आणि आता तालुक्याच्या गावांतही शिक्षक, डॉक्टर, बँकवाले टी-शर्ट घालून रविवारी पळतात. कर्जतहून राशीनला जाऊन पुढे भिगवणच्या रस्त्याला थोडं लागलं की साधारण तेवढं अंतर भरतं. यांच्यापाशी थांबण्याची ऐपत आहे. नोकरी जाणार नाही, वय उलटणार नाही, शर्यत पुढच्या वर्षी त्याच रस्त्यावर असेल. तरीही तापातून उठून दहाव्या दिवशी साताऱ्याच्या शर्यतीतला यवतेश्वरचा घाट चढायला निघणारे यांच्यातच सापडतात. कारणं ऐका: फी परत मिळत नाही, हॉटेल बुक केलंय, ग्रुपवर सांगून बसलोय. तिसरं कारण सगळ्यात घातक. भरतीच्या पोराची घाई मला समजते. या घाईला मी हट्टच म्हणेन.

हा हट्ट पोसायला गोष्टीही हाताशी असतात. एमिल झातोपेक 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकच्या काही आठवडे आधी आजारी पडला, डॉक्टरांचा सल्ला डावलून उतरला आणि पाच हजार, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णं घेऊन गेला. खाशाबा जाधवांनी कांस्य आणलं तेच हे ऑलिम्पिक, म्हणून ती गोष्ट आपल्याकडे जरा जास्तच जवळची. पण ही गोष्ट झातोपेक जिंकला म्हणून उरली. तसंच डॉक्टरांचं न ऐकता जे उतरले आणि कायमचे संपले, त्यांची चरित्रं कोणी लिहिली नाहीत. वाचलेल्यांवरून नियम काढायचा तर बुडालेल्यांची मोजदाद आधी करावी लागेल.

उगाच भीती घालणंही बरोबर नाही. अमेरिकेत 2000 ते 2010 या काळातल्या एक कोटीहून अधिक धावकांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. एवढ्यांत हृदय बंद पडण्याचे प्रसंग 59. अर्धमॅरेथॉनमध्ये हे प्रमाण साडेतीन लाखांत एकाच्या आसपास आणि पूर्ण मॅरेथॉनमध्ये त्याच्या जवळपास चौपट. म्हणजे निरोगी माणसाने तयारी करून एकवीस किलोमीटर धावणं हे काही साहस नाही. आजारातून उठलेल्यानेही धावावं, जरूर धावावं. पण आधी नुसतं चालावं, मग चालता चालता पळावं, पहाटे उठल्याबरोबर नाडी मोजावी, आणि ती नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके वर दिसली तर त्या दिवशी बूट काढून ठेवावेत. घड्याळातल्या जुन्या वेळेशी स्पर्धा एक हंगाम बंद. हा सल्ला कंटाळवाणा आहे याची मला कल्पना आहे.

अंतर कापताना आजारी माणसाला कसं वागवावं, हे आमच्या रस्त्याला ठाऊक नाही असं नाही. त्र्यंबकेश्वरहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी मिरजगाव, कर्जत करत पंढरीला जाते. रोजची चाल साधारण पंधरा-वीस किलोमीटर, म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांची रोज एक अर्धमॅरेथॉनच, तीही डोक्यावर तुळस किंवा खांद्यावर पताका घेऊन. त्या चालीत कोणाला ताप भरला तर विणेकरी त्याला जिद्दीवर व्याख्यान देत नाहीत. ‘माउली, ट्रकात बसा’ म्हणतात. सामानाच्या ट्रकात पथाऱ्यांवर तो दोन मुक्काम पडून राहतो, ताप उतरला की पुन्हा टाळ हातात घेतो. त्याची वारी मोडली असं कोणी म्हणत नाही; पुढच्या वर्षी तो ‘मी चालत गेलो’ असंच सांगतो आणि दिंडी मान डोलावते. शेकडो वर्षं लाखो माणसं हे अंतर चालत आली, त्यात या ट्रकाचा, त्याआधी बैलगाडीचा, वाटा मोठा आहे.

भरतीतही आजारी उमेदवाराला असाच एक ट्रक, म्हणजे दुसरी तारीख, मिळावी. यावर आक्षेप येतो तो अकॅडमीवाल्या सरांकडून, आणि तो फेटाळण्याजोगा नाही. ते म्हणतात, ‘सवलत दिली की निम्मी पोरं उद्यापासून आजारी पडतील.’ पडतील काही. खोटे दाखले मिळतात हेही सगळ्यांना माहीत आहे. पण सरकारी रुग्णालयातून तपासणी करून दाखला द्यायचा, तारीख एकदाच बदलून द्यायची, एवढी शिस्त लावणं अवघड नाही. 2024 च्या भरतीत पावसाने मैदान भिजलं तेव्हा चाचण्या पुढे ढकलल्याच होत्या. मैदान वाळेपर्यंत थांबता येतं, तर उमेदवाराचा ताप उतरेपर्यंतही येतं. दुसरी गोष्ट सरांच्याच हातातली आहे: पोरगं लंगडायला लागलं की त्याला चार आठवडे सायकलवर आणि गोळाफेकीवर ठेवायचं आणि त्या महिन्याची फी घ्यायची नाही.

शर्यती भरवणाऱ्यांचं काम याहून सोपं. लंडन मॅरेथॉनने गरोदर स्त्रियांना आपला प्रवेश पुढच्या शर्यतीसाठी राखून ठेवण्याची सोय केली आहे. आपल्याकडच्या संयोजकांनी आजारी पडलेल्यालाही डॉक्टरच्या चिठ्ठीवर तेवढं द्यावं; एका टी-शर्टाचा आणि पदकाचा खर्च वाचेल, एखादी रुग्णवाहिकेची फेरीही. आणि गृह खात्याला विनंती की भरतीची पुढची जाहिरात काढताना ग्राउंडच्या आठवड्यात आजारी पडलेल्या उमेदवाराला दुसरी तारीख हक्काने मिळेल, असं एक कलम तीत स्पष्ट शब्दांत घालावं.