तळ्यात की मळ्यात

सकाळी सिग्नल सुटतो आणि विजेवरची स्कूटर मुकाट्याने पुढे निघते. त्या क्षणी बॅटरीकडून मोटारीकडे भरपूर प्रवाह धावत असतो आणि सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो. हे काम करतात पॉवर मॉस्फेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच. सुटा मॉस्फेट हातात घेतला तर बोटाच्या पेराएवढा: काळं अंग, तीन पाय आणि पाठीला धातूची पट्टी. घरचा इन्व्हर्टर दुरुस्तीला नेला, की ‘मॉस्फेट उडालाय’ हे वाक्य हमखास ऐकू येतं.

तो उडतो कशाने? कारणं अनेक, पण त्यातलं एक विचार करण्यासारखं आहे. आयआरएफझेड४४एन हा बाजारात सर्रास मिळणारा मॉस्फेट घ्या. त्याच्या गेटला, म्हणजे चालू-बंदचा आदेश घेणाऱ्या पायाला, १० व्होल्ट दिले की तो पूर्ण उघडतो. मग त्याचा रोध उरतो जेमतेम ०.०१७५ ओहम. १२ व्होल्टवर १० अँपिअर घेणारा हीटर त्याच्यावर चालवला, तरी त्याच्या अंगात दोनेक वॉटच उष्णता तयार होते. पूर्ण बंद असेल, तर जवळजवळ शून्य. पण गेटला व्होल्टेज अपुरं पडलं आणि तो मध्येच अडकला, तर ६ व्होल्ट त्याच्यावर आणि ५ अँपिअर त्याच्यातून, म्हणजे ३० वॉट! काम निम्म्याहून कमी झालं आणि ताप पंधरापट वाढला. उष्णता वाहून नेणारा हीटसिंक नसेल तर तो बघता बघता करपतो.

म्हणून जाणकार गेट कधी अधांतरी सोडत नाहीत. एक रेझिस्टर लावून ते ग्राउंडला बांधून ठेवतात. वरून आदेश नसेल तेव्हा ठाम ‘बंद’. आणि उघडायचं ठरलं, की ड्रायव्हर सर्किट गेटला क्षणभर जोरदार प्रवाह देतो, मधला टप्पा झटक्यात ओलांडला जावा म्हणून. एकदा पूर्ण उघडल्यावर गेटला तसं राहण्यासाठी जवळपास काहीच प्रवाह लागत नाही. जोर लागतो तो उंबरठा ओलांडतानाच.

माणसाचंही असंच होतं. घेतलेली जबाबदारी पेलते, स्पष्ट नाकारलेली सुटते; पण ‘बघू’, ‘सांगतो’ म्हणून लोंबकळत ठेवलेली रात्रंदिवस मन तापवत राहते. विचाराला हवा तेवढा वेळ जरूर घ्यावा. मात्र ठरल्यावर रेंगाळू नये, आणि ठरत नसेल तोवर ‘सध्या नाही’ असं स्वच्छ सांगावं. त्याने समोरचाही मोकळा होतो.

तुमच्या उत्तराची वाट पाहणारं कुणीतरी असेलच. आज दिवस सुरू करण्याआधी त्याला एक फोन करा आणि हो किंवा नाही, जे असेल ते पूर्ण सांगा.