मनाचे निदान आणि संशयाचा अधिकार

मनोविकाराच्या निदानाविषयी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘सेकंड ओपिनियन’ म्हणतात ते, पहिल्या डॉक्टरवरील अविश्वासाचे लक्षण समजले जाते. परंतु हा प्रश्न मुळात प्रामाण्याचा, म्हणजे एखादे ज्ञान यथार्थ आहे हे कशावरून ठरवावे याचा आहे. मीमांसकांच्या स्वतःप्रामाण्यवादानुसार ज्ञान उपजतच प्रमाण असते व बाधक कारण पुढे येईपर्यंत ते तसेच मानावे लागते, तर नैयायिकांच्या परतःप्रामाण्यवादानुसार त्याची यथार्थता त्याच्याबाहेरच्या कसोटीवर, विशेषतः त्याला अनुसरून केलेली कृती सफल होते की नाही यावर, कळते. मोडलेले हाड क्ष-किरणांत दिसते. मनोविकाराचे निदान मात्र आजही बहुतांशी रुग्णाचे बोलणे, वागणे आणि घरच्यांनी सांगितलेली हकीकत यांवरून केलेले अनुमान असते, आणि आज नैराश्य म्हणून ओळखलेले दुखणे काही वर्षांनी अत्युत्साहाचा झटका येऊन गेल्यावर बायपोलर विकार ठरू शकते. म्हणून येथे नैयायिकांचीच भूमिका अधिक सयुक्तिक वाटते.

खरी अडचण याच्या पुढे आहे. मनोविकारशास्त्रात ‘इनसाइट’ ही एक संज्ञा आहे. आपण आजारी आहोत याची रुग्णाला असलेली जाण, असा तिचा अर्थ. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात ही जाण अनेकदा हरपते, हे अनुभवसिद्ध आहे. पण त्यामुळे रुग्णाने निदान नाकारले की तो नकारच निदानाचा पुरावा ठरण्याचा धोका निर्माण होतो, आणि जे विधान आपल्या खंडनालाही स्वतःचेच समर्थन मानते, ते त्या रुग्णापुरते तरी तपासणीपलीकडे जाते. या चक्रातून रुग्ण स्वतःच्या बळावर बाहेर पडू शकत नाही, कारण त्याची साक्षच अप्रमाण ठरवलेली असते. त्यासाठी तिसरी व्यक्तीच लागते. दुसऱ्या मताचे नैतिक महत्त्व या ठिकाणी आहे, आणि ते केवळ ग्राहकाच्या सोयीचे साधन मानणे हा त्या रुग्णावर अन्याय आहे.

अर्थात दोन तज्ज्ञांचे एकमत म्हणजे सत्य नव्हे. १९७०च्या सुमारास झालेल्या तुलनात्मक अभ्यासांत सारखेच रुग्ण पाहून अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ब्रिटिशांपेक्षा स्किझोफ्रेनियाचे निदान कितीतरी अधिक वेळा करतात असे दिसले. आणि अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला विकारांच्या यादीतून १९७३ मध्ये वगळले, तोवर त्या यादीनुसार चालणाऱ्या कितीही डॉक्टरांची मते घेतली असती तरी उत्तर बदलण्याची शक्यता थोडीच होती. तेराव्या शतकात रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना लोक वेडे म्हणत आणि देवही मानत, हे या संदर्भात आठवण्याजोगे आहे. समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक वा धार्मिक धारणांशी न जुळणे हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार असू शकत नाही, असे भारताचा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ स्पष्ट सांगतो. पूर्वी उपचार झाले एवढ्यावरून आजचा आजार सिद्ध होत नाही, हेही त्यात आहे, आणि आपल्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्कही रुग्णाला त्याने दिला आहे.

संशयालाही मर्यादा आहे. न्यायदर्शनात संशय हा निर्णयाकडे नेणारा टप्पा आहे. मनाजोगे उत्तर मिळेपर्यंत दवाखाने बदलत राहणे, किंवा दुसरे मत येण्याआधीच चालू गोळ्या एकाएकी बंद करणे, यात निर्णयाचा शोध नसतो, आणि गोळ्या तोडल्याने आजार उलटण्याचा धोका असतो तो वेगळाच. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांनी वैद्यांशी करावयाच्या चर्चेचे दोन प्रकार सांगितले आहेत: सलोख्याने जाणून घेण्यासाठी केलेली संधायसंभाषा आणि जिंकण्यासाठी केलेली विगृह्यसंभाषा. दोन मतांत अडकलेल्या रुग्णाला यांतील पहिली हवी असते. प्रत्यक्षात ते दोन तज्ज्ञ बहुधा एकमेकांशी बोलतच नाहीत, आणि त्यांच्या मतभेदाचा निवाडा, ज्याच्या निर्णयशक्तीविषयी दोघांनाही शंका आहे, त्या थकलेल्या माणसावरच येऊन पडतो.