टाकीत कोण उतरणार?

मित्रांनो, घर घेतलं. नवं नव्हे, जुनं. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, भर वस्तीत, तीन खोल्या आणि मागं परस. आमच्या घराण्यात खरेदीखतावर नाव लागलेलं हे पहिलं घर. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना परदेशी शिक्षण असूनही राहायला जागा मिळाली नाही. काठ्या घेऊन आलेल्या जमावानं त्यांना पारशी सराईतून बाहेर काढलं. हा प्रसंग सभांतून सांगत मी मोठा झालो. म्हणून किल्ली हातात आली तेव्हा मायच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझी मान ताठ झाली. पण किल्लीबरोबर मालकाची भाषाही हातात येते. ती माझ्या तोंडून निघाली. तेवढ्यासाठी हे लिहितोय.

जुनं घर म्हणजे रंग मारून झाकलेलं दुखणं. पहिल्याच पावसात स्लॅब गळाला. पोपडे पडले, आतले गज उघडे झाले. मिस्त्री म्हणाला, गज गंजला की फुगतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. वरून चुना फासून भागत नाही. खरवडावं लागतं. खाली काळी माती, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी, म्हणून भिंतींना तडे. वायर लाकडी पट्टीवरची, चाळीस-पन्नास वर्षांची. फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी जाड तांब्याची तार कोंबलेली, म्हणजे घर पेटलं तरी फ्यूज उडणार नाही. अर्थिंग नावालाही नाही. वायरमननं खड्डा खणून, पत्रा पुरून, कोळसा-मीठ घालून अर्थिंग केलं. गळतीचा करंट ओळखणारा स्विच बसवला. माणसाच्या अंगातून तीस मिलिअँपिअर करंट वाहू लागला, की डोळ्याचं पातं लवायच्या आत तो लाईन तोडतो. पतपेढीचं कर्ज काढलं, पण एका रुपयाची घासाघीस केली नाही. घरात पोरं आहेत. जिवाचा सवाल आहे.

मग मागची भिंत काढायला घेतली. ओल होती. गिलावा पाडला तर जमिनीलगत विटांनी बुजवलेलं एक भोक निघालं. हातभर रुंद. भिंतीपलीकडं अरुंद बोळ. मिस्त्रीला कळेना, मलाही कळेना. माय पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "टोपल्याची जागा हाय ती. हितून मैला वढून न्यायचे."

घराला दोन वाटा होत्या. पुढून माणसं यायची आणि मागच्या बोळातून डोक्यावर मैला वाहणारी माणसं यायची. घर बांधणारानं जात विटामातीत बांधून ठेवली होती. पुढं कधीतरी परसात सेप्टिक टाकी झाली आणि भोक बुजवलं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एवढं तरी बदललं.

आणि त्याच महिन्यात टाकी भरली. परसात घाण वर आली. कुणीतरी दोघांना पाठवलं. हातात बांबू, दोर, बादल्या. धाकटा पंचविशीचा. भिंतीवरचा फोटो बघून म्हणाला, "जय भीम, साहेब." मग सांगितलं, "बोळात गाडी येत न्हाई. आमी उतरतो. दोघांचे तीन हजार."

आणि मी म्हणालो, "अडीच करा."

मायनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "वायरवाल्याला तर तू एक शबूद बोलला न्हाईस."

एवढंच. पण त्या एका वाक्यात अख्खा प्रश्न आहे. घरात कुणी मरू नये म्हणून मी कर्ज काढतो, आणि घराखाली कुणी मरू शकेल तिथं पाचशे रुपये वाचवतो. मग मी सुरक्षितता नेमकी कुणाची विकत घेतली? साप-विंचवाला घाबरणारा मी, त्या टाकीला घाबरलो नाही, कारण तिच्यात उतरणारा मी नव्हतो.

त्या टाकीत काय असतं? हायड्रोजन सल्फाईड, मिथेन, आणि प्राणवायू जवळजवळ नाही. सडक्या अंड्याचा वास येतो, पण वायू दाट झाला की नाकच मरतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, हवा मोकळी झाली. आणि तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तिथंच पडतो. म्हणून एका टाकीत दोन-दोन, तीन-तीन मरतात. तिथं लाईन तोडणारा स्विच नसतो.

कायदा आहे. २०१३ चा. तो लागू झाला ६ डिसेंबर २०१३ ला. तारीख आपल्याला सांगावी लागत नाही. तो म्हणतो, कोणत्याही व्यक्तीनं, नगरपालिकेनं वा ठेकेदारानं गटार किंवा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईला माणूस लावू नये. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फट अशी की साधनं पुरवली तर ती सफाई 'धोकादायक' धरली जात नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली अशा मृत्यूला दहा लाखांची भरपाई सांगितली, २०२३ साली तीस लाखांची. ते हवंच. पण मेल्यावर तीस लाख आणि जिवंतपणी अडीच हजार, हा हिशेब कुठल्या माणुसकीत बसतो?

आता आपलेच दोस्त म्हणतील, तो राजी होता. होता. पण पोटाला चिमटा बसल्यावर निघालेलं 'हो' हे स्वातंत्र्यातलं 'हो' नसतं. दुसरे म्हणतील, हे नगरपालिकेचं काम. तिचं आहेच, पण कायद्यात 'कोणतीही व्यक्ती' आहे. ती व्यक्ती त्या दिवशी मी होतो. तिसरे म्हणतील, आपण दलित, आपण कसे शोषक? मित्रांनो, इथंच खरी मेख आहे. जात ही नुसती कामांची वाटणी नाही, काम करणाऱ्यांचीच चढती-उतरती वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडलं. त्या उतरंडीत एक पायरी वर चढलो की खालच्या पायरीवर आपला पाय पडतो. फोटो भिंतीवर असून भागत नाही.

मी त्यांना उतरू दिलं नाही. थोरला चिडला. म्हणाला, "साहेब, तुमचं तत्त्व झालं, आमचा रोज गेला." खरं होतं. माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आठवडाभर आम्ही सार्वजनिक संडासात गेलो. मग उपसा करणारी गाडी मोठ्या रस्त्यावर लावली, पाईपला पाईप जोडून बोळातून परसापर्यंत आणला. जिथून टोपली जायची तिथून पाईप गेला. पैसे दुपटीहून जास्त लागले. ड्रायव्हर म्हणाला, तळाला गाळ राहिलाय, एक माणूस उतरवा. म्हटलं, राहू द्या. थोडा गाळ राहिला तर टाकीचं काम अडत नाही. आता झाकण रुंद केलंय, हवेचा पाईप लावलाय, दर दोन-तीन वर्षांनी उपसा करायचा, म्हणजे गाळाचा दगड होणार नाही. ही दुरुस्तीही मी स्लॅब आणि वायरिंगच्याच वहीत लिहिली.

थोरल्याच्या घरी नंतर गेलो. त्या कायद्याच्या नावातच पुनर्वसन आहे. त्याची नोंद करण्याचा अर्ज आम्ही दोघांनी बसून भरला. त्याच्या बुडालेल्या रोजाचं उत्तर अर्ज नाही, हे मला कळतं. पण त्याच्या दारात न जाता नुसतं 'नको उतरू' म्हणणं, हेही मालकाचंच तत्त्वज्ञान झालं असतं.

तुम्ही उद्या घरं घ्याल. घ्याच. भिंत ठोकून बघा, गज बघा, अर्थिंग बघा. आणि परसात जाऊन झाकण उचलून विचारा, इथं कोण उतरणार? त्या जागी स्वतःच्या पोराचं नाव घालून बघा. ते घालवत नसेल, तर दुसऱ्याच्या पोराला दोर देऊ नका.