पूर्वोदाहरणाचा प्रश्न

सरकारी नोकरीत ज्यांच्या हयातीचा मोठा भाग टिपणे लिहिण्यात जातो, त्यांच्या नित्य ओळखीचे एक वाक्य आहे : ‘या बाबतीत पूर्वोदाहरण आढळत नाही.’ दिसावयास हे वाक्य अगदी निरुपद्रवी. त्यात होकार नाही, नकारही नाही. लिहिणाऱ्याने जुन्या फायली चाळल्या व जे दिसले ते वर कळविले, एवढेच. परंतु बदलीच्या गावी टेबलाशी बसलेल्या आमच्या वाचकबंधूंस हे सांगावयास नको की, या वाक्याखाली साहेबांची सही पडली म्हणजे प्रकरण बहुधा तेथेच थंडावते. जी गोष्ट प्रथमच घडू पाहते तिच्याशी न्यायाने कसे वागावे, हा प्रश्न म्हणूनच आम्हां लेखणीच्या चाकरांस इतरांहून अधिक जवळचा वाटला पाहिजे. पूल बांधणाऱ्या एका मराठी बाईंच्या चरित्राने तो आमच्यापुढे नव्याने उभा केला.

शकुंतला भगत, माहेरच्या जोशी, यांचा जन्म १९३३ चा. वडील एस. बी. जोशी हे पूलबांधणीतले नामांकित अभियंते. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधून १९५३ मध्ये शकुंतलाबाईंनी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी मिळविली. पुढे युरोपात अनुभव घेऊन त्या अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या एम.एस. झाल्या, पवईच्या आय.आय.टी.त त्यांनी अध्यापन केले आणि तेथील अवजड बांधकामांच्या प्रयोगशाळेचा कारभार पाहिला. इथवरचा प्रवास एखाद्या बुद्धिमान प्राध्यापिकेचा म्हणता येईल. खरी कसोटी पुढेच होती. यंत्र-अभियंता असलेले पती अनिरुद्ध भगत यांच्यासह १९७० मध्ये त्यांनी ‘क्वाड्रिकॉन’ नावाची पूल बांधणारी संस्था काढली. प्रत्येक पुलासाठी नवा आराखडा आणि नवे सुटे भाग घडविण्याऐवजी, ठरावीक मापाचे मोजके पोलादी भाग कारखान्यात तयार करावयाचे, ते ‘युनिशीअर’ या स्वतः शोधलेल्या जोडाने एकमेकांस बांधावयाचे, आणि त्याच भागांपासून लहान-मोठ्या लांबीचे व रुंदीचे पूल उभे करावयाचे, अशी ती कल्पना. मुलांच्या खेळण्यातील ‘मेकॅनो’ ज्यांनी हाताळला असेल त्यांस ती चटकन कळेल. जेथे यंत्रे चढत नाहीत आणि बर्फामुळे कामाचे महिने बोटांवर मोजण्याइतकेच, तेथे तिचे मोल फार. १९७२ मध्ये हिमाचल प्रदेशातील स्पिती येथे चार महिन्यांत दोन लहान पूल उभे राहिले, आणि १९७८ पर्यंत काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत अशा पुलांची संख्या ६९ झाली.

या यशाआधीचा काळ मात्र आम्हांस अधिक बोलका वाटतो. पद्धत अगदी नवी, म्हणून तिच्या संशोधनास पैसा पुरविण्याची ना सरकारी खात्याची तयारी, ना खाजगी भांडवलाची. दांपत्याने पदरचे पैसे घातले. आता या खात्यांना दोष देणे सोपे आहे, आणि आम्ही तो देणार नाही. पूल ही काही कविता नव्हे की फसली तर पुढल्या अंकात दुसरी छापावी. पूल पडला तर माणसे मरतात, आणि ज्याने मंजुरीवर सही केली त्याला उरलेले आयुष्य झोप येत नाही. निदान येऊ नये. म्हणून सावधपणा हा अधिकाऱ्याचा धर्मच आहे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही.

पण सावधपणाचे दोन प्रकार असतात, आणि अभियंत्याचा प्रकार कारकुनाच्या प्रकाराहून निराळा असतो. पोलादात दोष असू शकेल, मोजमाप चुकू शकेल, पुराचे पाणी अंदाजाहून अधिक चढेल, हे सारे गृहीत धरून अभियंता जरूर तितक्यापेक्षा कितीतरी अधिक बळकट काम करतो. या जादा बळाला तो सुरक्षितता-गुणक म्हणतो आणि तो आकडा उघडपणे कागदावर मांडतो. म्हणजे आपल्या अज्ञानाचेही तो माप घेतो. त्यावरही समाधान न झाल्यास पुलावर वजन चढवून तो किती वाकतो ते पाहतो. आमच्या ‘पूर्वोदाहरण आढळत नाही’ला असा आकडा कोठे असतो? त्यात तपासणी नसते, वजन चढविणे नसते. आजवर झाले नाही एवढेच आम्ही पाहतो, आणि होऊ शकणार नाही असा अर्थ त्यातून गुपचूप निघू देतो.

नव्या पुलाच्या बाबतीत जे घडते तेच नव्या माणसाच्या बाबतीतही घडते, आणि तेथे अन्याय अधिक गडद होतो. कारण पुलाला अपमान कळत नाही.

दुसरे उदाहरण मद्रासकडचे. ए. ललिता अठराव्या वर्षी विधवा झाल्या, तेव्हा त्यांची कन्या चार महिन्यांची होती. गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांचे वडील प्राध्यापक होते. त्यांनी प्राचार्यांकडे व शिक्षण खात्याच्या संचालकांकडे रदबदली करून मुलीस विद्युत् शाखेत प्रवेश मिळवून दिला. पाठोपाठ पी. के. थ्रेसिया व लीलाम्मा जॉर्ज या दोघी स्थापत्य शाखेत आल्या. तिघींचे शिक्षण १९४३-४४ च्या सुमारास पुरे झाले तेव्हा एक गंमत झाली. पदवीच्या छापील नमुन्यात पुरुषवाचक सर्वनाम होते. ते खोडून त्या जागी स्त्रीवाचक सर्वनाम लिहावे लागले. नमुने भरण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांनी या खाडाखोडीवर क्षणभर थांबावे. नमुना छापणाऱ्याच्या मनात द्वेष नव्हता. त्याला ‘ती’ सुचलीच नव्हती, इतकेच. आणि कोणीतरी, बहुधा आमच्यासारखाच कोणी लेखनिक, पेन उचलून तो शब्द खोडता झाला. नमुना नाही म्हणून पदवी अडली नाही, ही त्या कार्यालयाच्या बाजूने जमेची नोंद होय.

वाचकांच्या ध्यानात एक विसंगती आली असेल. शकुंतलाबाईंचा उल्लेख स्थापत्य अभियांत्रिकीतील भारताची पहिली पदवीधर स्त्री असा पुष्कळ ठिकाणी केला जातो, आणि त्यांच्या आधी दहा वर्षे गिंडीहून थ्रेसिया व लीलाम्मा तीच विद्या शिकून बाहेर पडल्या होत्या. म्हणजे पूर्वोदाहरण होते. ते दुसऱ्या प्रांताच्या दप्तरात होते. त्यामुळे शकुंतलाबाईंच्या कर्तृत्वास तिळमात्र बाध येत नाही. मात्र ‘पहिली’ या शब्दाविषयी आम्ही जरा साशंक झालो आहो. प्रत्येक प्रांत, प्रत्येक खाते आपापली ‘पहिली’ स्वतंत्रपणे शोधून तिचा सत्कार करते, आणि दुसरीला पुन्हा पहिलीइतकेच झगडावयास लावते! शिवाय या दोन्ही हकीकतींत एक गोष्ट समान आहे, आणि ती सत्कारसभेत कोणी बोलत नाही. दोघींचे वडील त्याच विद्येतले जाणते होते. ज्या मुलीचे वडील प्राध्यापक नव्हते, पूलकर्ते नव्हते, त्यांचा शब्द ऐकून घेणारे कोणी नव्हते, तिचे काय झाले? तिची फाईलच उघडली गेली नाही, म्हणून पूर्वोदाहरणांच्या यादीत तिचे नाव येण्याचा संभवच नाही.

बांधकाम हे स्त्रीच्या प्रकृतीस झेपणारे काम नव्हे, असे म्हणणाऱ्यांस आम्ही तेलीबांध्यास येण्याचे आमंत्रण देऊ. आमचे बिऱ्हाड येथेच आहे. मुंबई-कलकत्त्यास जोडणारा ग्रेट ईस्टर्न रस्ता येथील तळ्याकाठून जातो; एके काळी छोट्या रुळांची धमतरीची गाडीही इथूनच जात असे. या भागात कोठे ना कोठे इमारतीचे वा गटाराचे काम चाललेलेच असते, आणि त्यावर डोक्यावर घमेले घेऊन शिडी चढणाऱ्या बाया असतात. छत्तीसगडात त्यांस ‘रेजा’ म्हणतात. भर वैशाखात सिमेंटचा माल तिसऱ्या मजल्यावर नेणाऱ्या रेजेच्या बाबतीत कोणी पूर्वोदाहरण मागितल्याचे आम्ही ऐकलेले नाही. ऊन, उंची, परके पुरुष, आडवेळ, यांपैकी एकही अडचण तिच्यासाठी निघत नाही. तीच बाई आराखडा हातात घेऊन शिडीखाली उभी राहू म्हणाली, की सगळ्या अडचणी एकदम जाग्या होतात. तेव्हा आक्षेप कामाच्या जडपणाला नसून हुकूम कोणी द्यावा यालाच आहे, असे आम्ही समजतो.

खाणींचा कायदा पाहिला तर हेच दिसते. स्त्रियांनी भूगर्भात काम करू नये हा निर्बंध त्यांच्या संरक्षणासाठी होता, आणि ज्या हालांतून तो आला ते हाल खरे होते. पण महायुद्धात कोळसा कमी पडू लागताच १९४३ मध्ये तो उठविण्यात आला आणि १९४६ मध्ये पुन्हा लागू झाला. १९५२ च्या कायद्याने तो कायम केला. याच ग्रेट ईस्टर्न रस्त्यावर १९५६ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ज्याची कोनशिला बसली ते खाणकाम व धातुविद्येचे महाविद्यालय, आजची एन.आय.टी., तेव्हा मुलींस काय देऊ शकत होते? खाणकामाची विद्या द्यावी, पण खाणीचे तोंड बंद! तांत्रिक व देखरेखीच्या कामासाठी भूगर्भात उतरण्याची सवलत स्त्रियांस २०१९ मध्ये मिळाली. संरक्षण आणि बहिष्कार यांच्यातला फरक ओळखण्याची एक खूण आम्हांस यातून सापडते : जिला संरक्षण द्यावयाचे तिला कोणी विचारले होते काय? २०१९ च्या आदेशात तिच्या लेखी संमतीची अट आहे. सत्तर वर्षांत झालेली ती पहिली विचारणा म्हणावी लागेल.

थ्रेसिया १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. पायरीपायरीने वर चढत, तुमच्या-आमच्यासारखी बढतीची वाट पाहत. आम्हांला हे वृत्त इतर अनेक गौरवांहून मोठे वाटते. १९९३ मध्ये शकुंतलाबाईंना ‘वर्षातील महिला अभियंता’ म्हणून गौरविण्यात आले. पदवीला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती, पूल देशभर उभे होते, आणि अजून ‘महिला’ हे विशेषण सुटले नव्हते.

आमच्या एका सहकाऱ्याची कन्या यंदा स्थापत्य शाखा घेऊ म्हणते. गुण भरपूर आहेत. ‘मुलगी हुशार आहे हो,’ ते परवा आम्हांस म्हणाले, ‘पण आपल्या मंडळींत कोणाची मुलगी गेली आहे का या लाइनीत?’ आम्ही वरील नावे सांगितली. त्यांनी ती लक्षपूर्वक ऐकली, आणि मग विचारले, ‘कामावर असताना या बाया राहत कोठे असत?’ प्रश्न बापाचा होता आणि रास्त होता. त्याचे उत्तर चरित्रांत मिळत नाही, ते बांधकाम खात्यांच्या विश्रामगृहांत शोधावे लागेल. आम्ही त्यांस म्हटले, ‘हे आपण मुलीलाच विचारा. तिने त्याचा विचार केला असेल.’ त्यांनी तिला हाक मारली. ती आतून यादीच घेऊन आली.