‘उद्या नक्की येतो’



स्वयंपाकघराचे काम काढलेल्या घरात हे वाक्य पुष्कळदा ऐकू येते. कंत्राटदाराने उचल घेतलेली असते, जुना ओटा फोडलेला असतो आणि घरची माऊली कित्येक आठवडे बाहेरच्या खोलीत स्टोव्हवर रांधत असते. कंत्राटदार मात्र दुसऱ्याच घरी काम धरून बसलेला!

प्रभू येशूच्या दाखल्यातील एका मुलाने बापाला आदराने होकार दिला, पण तो द्राक्षमळ्यात गेलाच नाही (मत्तय २१:२८-३१). गोड होकाराने मळ्याचे काम होत नाही, ओटाही बांधून होत नाही.

म्हणून काम देण्याआधी बसून हिशेब करा. बुरूज बांधणाऱ्यालाही प्रभू हेच सांगतो (लूक १४:२८). ठरलेले लिहून घ्या, पैसे कामाच्या टप्प्याने द्या. हा अविश्वास नव्हे, शहाणपण आहे. मात्र कंत्राटदारावरचा राग गवंड्याच्या मजुरीवर काढू नका. अडवलेल्या मजुरीचा आक्रोश देवाच्या कानी जातो, असे संत याकोब बजावतो (५:४).

आपल्यापैकी जे बांधव असे ठेके घेतात, त्यांनी ज्या घरचा फोन उचलणे टाळले आहे, तिथे आज मिस्सानंतर स्वतःहून फोन करावा. खरा दिवस सांगावा. जमणारच नसेल तर उरलेली उचल परत करावी. दाखल्यातील दुसरा भाऊ आधी ‘नाही’ म्हणाला, पण पस्तावून मळ्यात गेला. ती वाट आपल्यालाही मोकळी आहे.

दिलेला शब्द पाळण्याची कृपा प्रभू आपणां सर्वांना देवो.