पत्र्यावरचे दगड

लातूर-नांदेडच्या खेड्यांत पत्र्याच्या घरांवर दगड रचून ठेवलेले दिसतात. कुठे सोबत जुने टायर, कुठे वाळूची पोती. उन्हाळी वादळात पत्रा उडू नये एवढाच त्यामागचा हेतू. वारा बेताचा असेल तर दगड काम करतो. वावटळ मोठी असली की पत्रा उचलला जातो आणि तोच दगड खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यात पडतो. अशा मृत्यूंच्या बातम्या एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्याच्या कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून येत राहतात. बातमीत दोष वाऱ्याला दिलेला असतो. मला तो पुरता पटत नाही, कारण हा पत्रा घरावर कसा आला याला एक इतिहास आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे भूकंपात कोसळली. आठ-दहा हजार माणसे गेली. त्यांतली कितीतरी स्वतःच्याच घराखाली गेली. मातीत रचलेल्या दोन-दोन, तीन-तीन फुटी दगडी भिंती आणि वर लाकडी सांगाड्यावर हातभर मातीचे माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे, पिढ्यान्पिढ्या टिकलेले ते घर त्या पहाटे माणसांवर येऊन पडले. त्यानंतर दगड आणि माळवद यांची जी धास्ती बसली ती किल्लारीपुरती राहिली नाही. सरकारने दिलेले तात्पुरते निवारेही पत्र्याचेच होते. ऐपत असलेल्याने स्लॅब टाकला, नसलेल्याने पत्रा. हलके छत भूकंपात मारत नाही, हे शास्त्राने खरेच आहे. पण जे छत हलके आहे, त्याला खाली ओढून धरणारे काहीतरी हवे. ते कुणी पाहिले नाही.

गणित अवघड नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ४५ किलोंच्या घरात जातो. पत्र्याचे स्वतःचे वजन तेवढ्या जागेत पाच किलोंच्या आसपास. वारा छतावरून जाताना पत्र्याला वर ओढतो, कडेला सर्वांत जास्त. दार-खिडकी उघडी राहिली तर आत शिरलेली हवा खालूनही ढकलते. अशा वेळी चार दगडांनी काय होणार? पत्रा अँगलला हुक-बोल्टने, अँगल भिंतीला आणि भिंत पायाला बांधलेली असेल तरच छत जागेवर राहते. मराठवाड्यातल्या गरिबाच्या घरात या साखळीतली एखादी तरी कडी हमखास सुटलेली असते.

वादळानंतरचे चित्र ठरलेले असते. विजेचे खांब आडवे, लाइट नाही, म्हणून मोटर नाही, म्हणून पाणी नाही. बियाण्यासाठी ठेवलेले सोयाबीन भिजलेले. रेशनकार्ड, सातबारा, पोरांची पुस्तके उन्हात वाळत घातलेली. शेजारपाजारचे लोक दुसऱ्याच्या शेतात जाऊन पडलेले पत्रे गोळा करून आणतात. ही आपुलकी खरी आहे आणि गाव दुसऱ्या दिवशी उभे राहते ते तिच्याच बळावर. पण वाकलेला पत्रा ठोकून सरळ केला जातो आणि जुन्याच, आता रुंदावलेल्या भोकांतून पुन्हा ठोकला जातो. म्हणजे पुढच्या वाऱ्याला घर आधीपेक्षा कच्चे मिळते. हे वर्षानुवर्षे चालले आहे.

मग तलाठी येतो, पंचनामा होतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांप्रमाणे पूर्ण पडलेल्या घराला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात. भिंती उभ्या असून छप्पर गेले की बहुतेकदा नोंद ‘अंशतः’ अशी होते. अंशतः पडझडीला, ती किमान १५ टक्के असेल तर, पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० रुपये. एवढ्या पैशात नवे पत्रेच पुरेसे येत नाहीत, तर अँगल आणि बोल्ट कुठून येणार? ही मदत घर होते तसे कमकुवत पुन्हा उभे करायलाही अपुरी आहे. ते मजबूत करण्याचा विचार तर तिच्यात नाहीच.

वाऱ्याच्या नुकसानीची आणखी एक अडचण आहे. भूकंप किंवा दुष्काळ सगळ्यांना गाठतो. वादळ मात्र एक पट्टा घेऊन जाते. अर्धापूर, मुदखेडकडच्या केळीच्या बागांत हे दर उन्हाळ्यात दिसते. एकाची बाग घडांसकट आडवी, बांधापलीकडची उभी. केळीचा विमा वेगळा आहे, पण खरीप-रब्बीच्या पीकविम्यात पूर्वी गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत देऊन वैयक्तिक पाहणी मागता येत होती. २०२५च्या खरिपापासून राज्याने पीकविमा योजनेतून ती तरतूद काढली आणि भरपाई महसूल मंडळातल्या पीककापणी प्रयोगाच्या सरासरीवर आणून ठेवली. ज्याच्या एकट्याच्या शेताला फटका बसला, तो त्या सरासरीत बुडून जातो. हा निर्णय अन्यायाचा आहे, असे मी स्पष्ट म्हणेन.

आणि हे सगळे त्या प्रदेशात घडते, ज्याने वेगळे करून दाखवले होते. किल्लारीनंतरचे पुनर्वसन म्हटले की आपल्याला नव्या जागी वसवलेली ५२ गावे आठवतात. त्यांचे सरळ रस्ते, दूर पडलेली शेते. जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या त्याच कार्यक्रमाचा दुसरा, कमी बोलला गेलेला भाग मला जास्त मोलाचा वाटतो. पडलेल्या नव्हे, उभ्या असलेल्या जवळपास दोन लाख घरांची तेव्हा दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले. पैसे टप्प्याटप्प्याने घरमालकाला मिळत आणि काम तोच करून घेई. भिंतीत आरपार दगड कसा बसवायचा, माळवदाची माती कमी का करायची, हे गवंड्यांना शिकवले गेले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने महिला मंडळांतल्या बाया ‘संवाद सहायक’ म्हणून घरमालक आणि अधिकारी यांच्यामध्ये उभ्या राहिल्या. घरातला कोणता कोपरा हलतो हे बाईला आधी कळते, ही साधी गोष्ट तेव्हा शासनानेही मानली.

त्या कामासमोर आजची गरज फारच लहान आहे. एका खोलीचे छत नीट बांधायला हुक-बोल्ट, कडेच्या लोखंडी पट्ट्या, भिंतीत रुतवलेल्या सळ्या आणि गावातल्याच वेल्डरची दोन दिवसांची मजुरी लागते. त्यासाठी नवे मंडळ नको, नवी योजना नको. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत सैल पत्र्यांच्या घरांची यादी करावी. विधवा, भूमिहीन आणि गावकुसाबाहेरची वस्ती त्यात आधी घ्यावी. फेब्रुवारीत ग्रामपंचायतीने साहित्य द्यावे, म्हणजे अवकाळीच्या आत बांधणी पुरी होईल. पंचनाम्याच्या रकमेतही बांधणीचा वेगळा हिस्सा धरावा आणि बोल्ट बसल्याचे पाहूनच तो द्यावा.